पबमध्ये कोणी राहत नाही

ऑर्मंड: ...आणि हे ऐक, त्या सरकारी रिपोर्टाचं पान अकरा, पाठच झालंय मला. ‘यारापिन हे मावळतीला लागलेले गाव आहे.’ मावळतीला! अगं, ज्या पोराला अजून धड दाढी फुटली नाही, तो मला सांगणार माझं गाव मावळतीला लागलंय म्हणून?

ग्लेनिस: दार लोटून घे आणि हळू बोल. पलीकडे बारा म्हातारी माणसं झोपलीत.

ऑर्मंड: झोपू दे! नाहीतरी चार महिन्यांनी त्यांना उचलायचंच आहे ना? बारा खाटा, बारा माणसं. घाला गाडीत आणि नेऊन ओता एकशेचाळीस किलोमीटरवर पोर्ट हॅलनला. कांद्याची पोती आहेत जशी काही!

ग्लेनिस: चहा घेणार?

ऑर्मंड: चहा कसला सुचतोय तुला! तू या वॉर्डाची मोठी सिस्टर. तुझ्या जागी मी असतो ना...

ग्लेनिस: माझ्या जागी तू असतास तर बारातले सहा आधीच गेले असते. बस खाली. दूध संपलंय, काळा पी.

ऑर्मंड: आज सहाच्या सभेत मी त्या पोराला सोडत नाही, सांगून ठेवतो. टोकदार बूट घालून आला, अर्धा तास गावात फिरला, बेकरीत सॉसेज रोल खाल्ला आणि शहरात जाऊन नव्वद पानं खरडली. रंगीत आलेख काढलेत. हे बघ, हा लाल डोंगर म्हणजे आपण. पासष्टच्या वरचे. आणि ही खाली निळी मुंगी दिसते का? ती म्हणजे तरुण माणसं.

ग्लेनिस: दिसली. सकाळपासून तेच बघतेय.

ऑर्मंड: मग तुझं रक्त का उसळत नाही?

ग्लेनिस: उसळतंय. तुझ्याआधी उसळलंय. तू बोल तुझं, मी ऐकतेय.

ऑर्मंड: माझं काय, माझं सगळं या लायसन्सवर लिहिलंय. वाच. ‘घरापासून वीस किलोमीटरच्या आत.’ त्यापुढे चाक गेलं की लायसन्स जप्त. ब्याऐंशीव्या वर्षी खुंटीला बांधलेला बोकड करून ठेवलाय माझा. वीस किलोमीटरवर काय आहे, सांग? कांद्याचं पॅकिंग शेड आणि ते खारं तळं. हिल्डाला पोर्ट हॅलनला नेली की मी तिला बघायची कधी?

ग्लेनिस: गुरुवारी बस असते.

ऑर्मंड: गुरुवारी जाते, शुक्रवारी परत येते! मी काय रात्रभर स्टँडवर बाकड्यावर पडू? आणि माझ्या पोराचं नाव काढू नकोस. तो ब्रिस्बेनला, त्याचा फोन नाताळला. छप्पन्न वर्षं झाली आमच्या लग्नाला, ग्लेनिस. रोज दोन वाजता मी येतो आणि तिला कस्टर्ड भरवतो. ते बंद झालं तर मी दिवसभर करू काय?

ग्लेनिस: भरवतोस खरं. निम्मं तिच्या गाऊनला भरवतोस.

ऑर्मंड: तुला थट्टा सुचतेय.

ग्लेनिस: नाही रे. बरं, मला सांग, वॉर्ड बंद का करतायत? वाचलंस?

ऑर्मंड: वाचायला कशाला हवं? सरकारला म्हातारे नकोत. झालं.

ग्लेनिस: पान चौदा.

ऑर्मंड: चष्मा गाडीत राहिला.

ग्लेनिस: मी वाचते. ‘गावात वृद्धांची संख्या मोठी असली, तरी त्यांची शुश्रूषा करू शकतील अशी कामाच्या वयाची माणसे जवळजवळ उरलेली नाहीत. सबब येथे वॉर्ड चालू ठेवणे व्यवहार्य नाही.’ कळलं? म्हातारे नकोत म्हणून नाही. म्हाताऱ्यांना उचलायला, धुवायला, भरवायला माणूसच नाही, म्हणून.

ऑर्मंड: माणूस नाही? मग हिल्डाला आंघोळ कोण घालतं, भूत?

ग्लेनिस: हाच माझा प्रश्न. पुढे ऐक. वीस ते पंचेचाळीस वयाची माणसं, अठ्ठावन्न. पाच वर्षांखालची मुलं, पाच.

ऑर्मंड: साफ खोटं!

ग्लेनिस: खोटंच आहे. मार्चमध्ये मी स्वतः तेरा पोरांना लस टोचली. नावं आहेत माझ्याकडे, आणि तीन जणांच्या चावण्याचे वळही होते. रिपोर्टात पाच. मग उरलेल्या आठांना काय मी हवेत सुई टोचली?

ऑर्मंड: तेच तर म्हणतो मी! त्या टोकदार बुटाला मोजतासुद्धा येत नाही. हेच सांग सभेत, तू सांग, तुझं ऐकतील.

ग्लेनिस: त्यानं मोजलंच नाही, ऑर्मंड. त्यानं गेल्या ऑगस्टातल्या शिरगणतीचे आकडे उचलले. फॉर्म कुणी वाटले होते?

ऑर्मंड: कुणी म्हणजे? मी. सगळ्या गावात एकट्यानं. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला नारिंगी पिशवी, गुडघ्याला पट्टा. रेल्वे फाटकापासून थेट धान्याच्या कोठारापर्यंत, एक दार सोडलं नाही. दुसऱ्या कुणाला जमलं असतं? दोनशे शहात्तर घरं!

ग्लेनिस: रॉयल पब?

ऑर्मंड: तो आठ वर्षांपूर्वी बंद पडला.

ग्लेनिस: तिथे बिअर मिळते का, असं मी विचारलं नाही.

ऑर्मंड: मग काय विचारतेयस?

ग्लेनिस: पबच्या वरच्या मजल्यावर फॉर्म दिलास का?

ऑर्मंड: तू चहात साखर घातली नाहीस.

ग्लेनिस: ऑर्मंड.

ऑर्मंड: पुढचं दार बंद होतं. वाजवलं मी. दोनदा वाजवलं.

ग्लेनिस: पुढचं दार आठ वर्षं बंद आहे. फळ्या ठोकल्यात त्याला, तूच ठोकल्यास. मागचा जिना सगळ्या गावाला माहीत आहे. तिथे दोरीवर तीस जणांचे कपडे वाळत असतात, बेकरीतून दिसतात. वहीत काय लिहिलंस?

ऑर्मंड: एवढं कुठे आठवतंय! वर्ष होत आलं.

ग्लेनिस: तुला एकोणीसशे अडुसष्टच्या फुटबॉल फायनलमध्ये कुणी कुणाला लाथ मारली ते आठवतं.

ऑर्मंड: ...लिहिलं, कोणी राहत नाही.

ग्लेनिस: पबमध्ये कोणी राहत नाही.

ऑर्मंड: हो.

ग्लेनिस: आणि कॅरव्हॅन पार्कातल्या त्या चाकांवरच्या घरांची मागची रांग?

ऑर्मंड: तीही रिकामी लिहिली. तू अशी बघू नकोस माझ्याकडे! ऐकून तर घे. मी डोकं लावून केलं ते. हिल्डा नुकतीच वॉर्डात आली होती. मी म्हटलं, गाव जितकं म्हातारं दिसेल तितकं म्हाताऱ्यांसाठी जास्त मिळेल. बाराच्या वीस खाटा होतील, एखादा कायमचा डॉक्टर येईल. तरुण पोरांची गर्दी दिसली तर सरकार म्हणेल, यांना काय धाड भरलीय? हिल्डासाठी केलं मी! आता उलटलं, तो काय माझा दोष?

ग्लेनिस: हिल्डासाठी.

ऑर्मंड: तिची शपथ.

ग्लेनिस: तिची शपथ घेऊ नकोस, ती उद्या जेवायला उठायची आहे. मला एक सांग. आयरिस बॅसेटनं तिच्या दोन्ही नातवांची नावं फॉर्मवर लिहिली, ती कुणाच्या सांगण्यावरून?

ऑर्मंड: तिनं विचारलं, लिहू का? मी म्हणालो, लिही की.

ग्लेनिस: ते दोघं तीन वर्षं पश्चिमेला खाणीत आहेत. एक सत्तावीस वर्षांचा, एक एकोणतीस. गाव म्हातारं दाखवायचं होतं ना तुला? मग हे दोन घोडे कशाला आत घेतलेस?

ऑर्मंड: ते वेगळं. बॅसेटची पोरं म्हणजे आपली पोरं. आज ना उद्या येतील परत.

ग्लेनिस: झालं. हेच ऐकायचं होतं मला. डोकं लावून वगैरे काही केलं नाहीस तू. जे इथे नाहीत त्यांना मोजलंस, आणि जे रोज तुझ्या बायकोचे लंगोट बदलतात, ते तुला दिसले नाहीत.

ऑर्मंड: दिसले नाहीत असं नाही गं! पण ती माणसं येणार, चार दिवस कांदे भरणार, जाणार. इथली नाहीत ती. तूच सांग, आहेत का?

ग्लेनिस: इथलं कोण, हे ठरवण्याचा ठेका तुझ्याकडे कधीपासून? थांब, मला माहीत आहे. चौतीस वर्षं झाली मला या गावात. पंचेचाळीस किलोमीटरवरून लग्न होऊन आले मी, काही समुद्रापलीकडून नाही. गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं सँडविचं कापली, आणि तुम्ही लोक मला ‘रॉनची ती बाहेरची बायको’ म्हणायचा. मग रॉन गेला. त्याला पुरून मी दफनभूमीच्या फाटकाबाहेर आले, तेव्हा तू टोपी काढलीस आणि काय म्हणालास?

ऑर्मंड: नाही आठवत.

ग्लेनिस: म्हणालास, ‘ग्लेनिस, आता तू इथली झालीस.’ कारण गावाच्या मातीत आपलं माणूस पडल्याशिवाय इथलं होता येत नाही ना! माझ्या मनात आलं होतं, तुझ्या कानफटात एक ठेवून द्यावी.

ऑर्मंड: मी चांगल्या मनानं म्हणालो होतो.

ग्लेनिस: माहीत आहे. म्हणून तर ठेवून दिली नाही. आज ती चूक वाटतेय.

ऑर्मंड: तू मला एवढ्यासाठी बसवून घेतलंस? शिव्या घालायला?

ग्लेनिस: नाही. आज सकाळी आरोग्य खात्यातल्या बाईशी बोलले मी. तिचं म्हणणं, नुसती आमची तक्रार चालणार नाही. ज्यानं फॉर्म वाटले त्यानं स्वतः सांगितलं आणि सहीनिशी लिहून दिलं, की मी अमुक घरं जाणूनबुजून गाळली, तर माणसं पुन्हा मोजायला लावते. तोवर वॉर्डाला हात लागणार नाही. ती येतेय आज सहाला.

ऑर्मंड: म्हणजे मी उभं राहायचं. हॉलमध्ये.

ग्लेनिस: हो.

ऑर्मंड: सगळ्या गावासमोर सांगायचं, की मी सरकारी वहीत खोटं लिहिलं.

ग्लेनिस: नाहीतरी बोलणारच होतास ना? जागा अडवून ठेवलीस, घसा शेकून ठेवलास. फक्त शिव्या कुणाला घालायच्या तेवढं बदल.

ऑर्मंड: नाही! नाही जमायचं मला. त्या हॉलच्या पायाच्या दगडावर माझ्या आजोबाचं नाव आहे, ग्लेनिस. पाच पिढ्या! आयरिस पुढच्या रांगेत बसणार, ट्रेझाइज भाऊ बसणार, आणि मी टोपी हातात घेऊन सांगू, गड्यांनो, वॉर्ड माझ्यामुळे बंद होतोय? उद्यापासून बेकरीत कुणी माझ्याशी बोलेल का?

ग्लेनिस: नाही बोलले तर पोर्ट हॅलनची बस धर. अरे हो, तुझ्या वीस किलोमीटरात बेकरीच येते फक्त. हिल्डा येत नाही.

ऑर्मंड: तू दुष्ट बाई आहेस.

ग्लेनिस: आहे. पायावर धोंडा तू मारून घेतलास, आणि पाय बारा जणांचे गेले. मी गोड कशी बोलू?

[दारावर टकटक. लिझेल आत येते. अंगात वॉर्डाचा निळा कोट, हातात रिकामी वाटी.]

लिझेल: सिस्टर, सात नंबरचं झालं. सगळं कस्टर्ड संपवलं. लोला आता शांत आहे.

ऑर्मंड: कस्टर्ड मी भरवतो.

लिझेल: अडीच वाजले, सर. ती दोन वाजल्यापासून दाराकडे बघत होती. मग रडायला लागली.

ऑर्मंड: आणि तिचं नाव हिल्डा आहे. लोला-बिला नाही. किती वेळा सांगितलं.

लिझेल: आमच्या देशात आजीला लोला म्हणतात, सर. तिला चालतं.

ग्लेनिस: लिझेल, बस जरा. पाच मिनिटं. ऑर्मंडला तुला काहीतरी विचारायचंय.

ऑर्मंड: मला काही नाही विचारायचं.

ग्लेनिस: मग मी विचारते. गेल्या ऑगस्टात शिरगणतीचा फॉर्म मिळाला होता तुम्हाला, पबमध्ये?

लिझेल: ...जाऊ दे ना, सिस्टर. झालं ते.

ग्लेनिस: काय झालं?

लिझेल: टीव्हीवर रोज सांगत होते, देशात त्या रात्री जो जो आहे, त्या प्रत्येकाला मोजणार. माझा जोमार पहिलीत होता. शाळेतही सांगितलं होतं. तो म्हणाला, आई, माझं नाव मी लिहिणार. म्हणून आम्ही पेन घेऊन मागच्या जिन्यावर बसलो. सर आले. नारिंगी पिशवी होती. मी म्हटलं, वर एकतीस जण आहोत, किती फॉर्म लागतील?

ग्लेनिस: आणि?

लिझेल: सर म्हणाले, ‘हे तुमच्यासाठी नाही. हे इथे राहणाऱ्यांसाठी आहे.’

ग्लेनिस: दार वाजवलं होतंस ना, ऑर्मंड? दोनदा?

ऑर्मंड: गप्प बस.

लिझेल: जोमारनं विचारलं, मग आपण कुठे राहतो? पेन त्यानं खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सर वॉर्डात आले आणि मला म्हणाले, हिल्डाचे केस वाढलेत, कापशील का? मी कापले.

ऑर्मंड: तेव्हाच का नाही बोललीस? तोंडावर का नाही बोललीस माझ्या?

लिझेल: काय बोलू, सर? मला काम हवं होतं. आणि लोलाचे केस खरंच वाढले होते.

ऑर्मंड: सात वर्षं झाली ना तुला इथे?

लिझेल: नोव्हेंबरात आठ.

ऑर्मंड: मग या वॉर्डासाठी तुम्ही लोक का नाही ओरडत? तुमचीही कामं जाणार ना?

लिझेल: नाही जाणार. पोर्ट हॅलनच्या लोकांनी वॉर्डातल्या आम्हा पाचही जणींना पत्र दिलंय. जिथे खाटा तिथे आम्ही. घर देतायत, शाळा जवळ आहे. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय.

ग्लेनिस: हे मला नाही सांगितलंस.

लिझेल: आज सांगणार होते, सिस्टर. सकाळपासून तुम्ही तो रिपोर्ट वाचत होता. तुम्ही ओरडत नव्हता. तुम्ही ओरडत नसलात की मला भीती वाटते.

ऑर्मंड: म्हणजे सगळं ठरलंय. हिल्डा तिकडे, तुम्ही तिकडे. मी इथे, आजोबाच्या दगडाशेजारी.

ग्लेनिस: उशिरा का होईना, हिशोब जमला तुझा.

ऑर्मंड: पेन आहे का कुणाकडे?

ग्लेनिस: कशाला?

ऑर्मंड: आहे का नाही ते सांग! आण इकडे. या नव्वद पानांची मागची बाजू कोरी आहे, तेवढाच उपयोग. हं. लिझेल... आडनाव काय तुझं?

लिझेल: आत्ता, सर?

ऑर्मंड: आत्ता.

ग्लेनिस: आठ वर्षं तिच्या कोटावर लिहिलंय.

ऑर्मंड: चष्मा गाडीत आहे म्हटलं ना! सांग, पोरी.

लिझेल: माकारेग.

ऑर्मंड: माकारेग. वय?

लिझेल: छत्तीस.

ऑर्मंड: पोरगा जोमार. सात?

लिझेल: आठ झाला. पण सर, त्याचं नाव तुम्ही लिहू नका.

ऑर्मंड: का?

लिझेल: त्याला स्वतः लिहायचं होतं.

ऑर्मंड: ...बरं. जागा सोडतो. त्याच्या खाली कोण? वरच्या मजल्यावर जिन्यापासून सुरू कर, एकेक खोली.

लिझेल: हे कशासाठी, सर? आम्ही शुक्रवारी हो म्हटलं तर या नावांचं काय करणार तुम्ही?

ऑर्मंड: मला माहीत नाही! सहाला वाचणार आहे, एवढं माहीत आहे. एकतीसच्या एकतीस वाचणार, आणि मग सांगणार, ही नावं मी गाळली, मी, ऑर्मंड पास्कोनं, जाणूनबुजून. टोप्या फेकून मारू देत मला. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, मी कोण सांगणारा? पण सभेला ये. पोरालाही आण. पेनासकट.

लिझेल: माझी ड्युटी साडेसहापर्यंत आहे. सहाला लोलाचं जेवण असतं.

ग्लेनिस: तिला मी भरवीन आज.

लिझेल: तुमच्या हातून ती खात नाही, सिस्टर.

ऑर्मंड: माझ्या हातून खाते.

लिझेल: दुपारचं खाते. संध्याकाळी तिला अनोळखी माणूस नको असतो.

ऑर्मंड: अनोळखी? मी?

लिझेल: गेल्या हिवाळ्यापासून, सर. तुम्ही खुर्चीत बसलात की ती माझा हात धरते आणि हळूच विचारते, हा माणूस कोण? रोज विचारते.

ऑर्मंड: ...मला कुणी सांगितलं नाही. तू काय सांगतेस तिला?

लिझेल: सांगते, घाबरू नका, लोला. इथलेच आहेत.